एफपी४ चा रोल ई-६ मध्ये धुवायला देऊ नका

तुम्ही विचारलंत की घरी असलेले इलफर्ड एफपी४ प्लस या ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह फिल्मचे रोल ई-६ मध्ये, म्हणजे रंगीत स्लाइड फिल्म धुण्याच्या प्रक्रियेत, धुऊन घेतले तर ब्लॅक अँड व्हाइट स्लाइड मिळतील का. नाही मिळणार. रोल पूर्ण कोरा परत येईल आणि त्यावरची चित्रं पुन्हा कशानेही आणता येणार नाहीत. ते लॅबला देऊ नका.

रंगीत फिल्मच्या इमल्शनमध्ये, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या थरात, कप्लर नावाची रंग तयार करणारी रसायनं असतात. त्यांच्यापासून रंग तयार झाला की ई-६ चं ब्लीच आणि फिक्सर सगळी चांदी काढून टाकतात. एफपी४ मध्ये कप्लर नाहीत, तिथे चित्रच चांदीचं. इलफर्डच्या एक्सपी२ सुपरमध्ये कप्लर आहेत, त्यामुळे ती ई-६ मधून पॉझिटिव्ह येते, पण निगेटिव्हसाठी बनवलेल्या फिल्मचा कॉन्ट्रास्ट कमी असतो. प्रोजेक्टरवर सगळं मळकट दिसतं. मला ते कधीच पटलेलं नाही.

तरी ई-६ मधली एक गोष्ट उपयोगाची आहे: तिचा पहिला डेव्हलपर ब्लॅक अँड व्हाइटचाच असतो. तिथपर्यंतची वाट तीच ठेवायची, पुढे चांदीवर राहायचं. पहिल्या डेव्हलपरमध्ये निगेटिव्ह उमटतं. मग फिक्स न करता ब्लीचने फक्त ती चांदी विरघळवायची. उरलेलं हॅलाइड (चांदीचा प्रकाशाला संवेदनशील क्षार) उजेडात धरून दुसऱ्यांदा डेव्हलप केलं की पॉझिटिव्ह. शेवटी फिक्सर. पहिला डेव्हलपर जोरदार हवा, आणि त्यात थोडा हायपो (सोडियम थायोसल्फेट) घालतात, म्हणजे पांढऱ्या भागातलं उरलंसुरलं हॅलाइड विरघळून तो भाग स्वच्छ होतो. स्लाइडचं नशीब याच टप्प्यात ठरतं. इथे कमी डेव्हलप झालं तर स्लाइड काळपट, जास्त झालं तर धुतल्यासारखी फिकी. म्हणून रोलचा तुकडा कापून आधी चाचणी घ्या.

ब्लीच: तयार द्रावणात लिटरला सुमारे २ ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट आणि १० मिली संहत सल्फ्युरिक ॲसिड. दोन्ही वेगळ्या बाटल्यांत ठेवा, वापरण्याआधी लगेच मिसळा, मिसळलेलं टिकत नाही. ॲसिड पाण्यात हळूहळू ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीही नाही. हातमोजे, चष्मा आणि उघडी खिडकी हवीच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानंतर ॲसिड विकताना ओळखपत्र मागतात. ते जमणार नसेल तर काहीजण सोडियम बायसल्फेट वापरतात. ब्लीचनंतर फिल्म तपकिरी दिसते. तो डाग सोडियम मेटाबायसल्फाइटच्या द्रावणात दोन मिनिटांत जातो. इथून पुढे दिवा लावायला हरकत नाही.

परमँगनेट जिलेटिन मऊ करतं. आपल्याकडे उन्हाळ्यात नळाचं पाणी तिशीच्या वर असतं, तेव्हा इमल्शन रीळावरच सुटू शकतं. सगळी द्रावणं आणि धुण्याचं पाणीसुद्धा बर्फाच्या मदतीने २० अंशांवर आणा. ओल्या फिल्मला बोट लावू नका.

एक्सपोजर मात्र स्लाइड फिल्मसारखंच मोजा: उजळ भागावर, अर्ध्या स्टॉपच्या आत (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा प्रकाश). नवीन फिल्म घेणार असाल तर फोमापॅन आर १०० घ्या, ती रिव्हर्सलसाठीच, म्हणजे अशी थेट पॉझिटिव्ह मिळवण्यासाठीच, बनवलेली आहे आणि तिचा बेस स्वच्छ आहे. एफपी४ च्या बेसला करडी छटा असते, त्यामुळे पांढरा रंग जरा दबतो.

आधीच धुतलेले चांगले निगेटिव्ह असतील तर हा खटाटोप करू नका. मॅक्रो लेन्सने ते दुसऱ्या संथ ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर कॉपी करा आणि ती नेहमीसारखी, थोडी जास्त डेव्हलप करा. पॉझिटिव्ह मिळतं, ॲसिड लागत नाही आणि मूळ निगेटिव्हही शाबूत राहतं.