आडनाव, गाव आणि गॅट्सबी

प्रिय सानू,

'द ग्रेट गॅट्सबी' या अमेरिकन कादंबरीवरच्या निबंधाबद्दल बोलता बोलता तू मध्येच विचारलंस, "आई, मंडळाच्या गणपतीत त्या काकूंनी आधी आडनाव, मग गाव आणि मग 'तुमच्याकडे चालतं का?' असं का विचारलं?" फोनवर घाईत उरकण्यासारखा प्रश्न नाही, म्हणून लिहितेय.

काकूंना जात विचारायची होती. सरळ विचारणं बरं दिसत नाही, म्हणून हा वळसा. त्यात आपण पाटील. पाटीलकी हे गावचं वतन, त्यामुळे पाटील मराठ्यांत असतात, आगऱ्यांत, लिंगायतांत आणि जैनांतही. आडनावावरून पत्ता लागेना, म्हणून गाव. तिथेही जमेना, म्हणून मटण-मासे. गोखले म्हणाली असतीस तर पहिल्याच फेरीत सुटली असतीस! सगळ्यांच्याच मनात काळंबेरं असतं असं नाही हं. इथे कुणी कोल्हापूरचं निघालं की माझंही काळीज सुपाएवढं होतं. पण गाव ऐकून आनंद होणं वेगळं आणि उत्तर ऐकून बोलण्याचा सूर बदलणं वेगळं. तो सूर तुझ्या कानाने बरोबर टिपला.

आता तुझ्या कादंबरीतला तो पिढीजात श्रीमंत टॉम ब्यूकॅनन बघ. नॉर्थ डाकोटातल्या गरीब शेतकऱ्याचा पोरगा जेम्स गॅट्झ सतराव्या वर्षी जे गॅट्सबी झाला, पुढे बक्कळ पैसा केला, तरी ईस्ट एग या बड्या वस्तीतल्या टॉमसारख्यांच्या लेखी तो कुठून तरी उपटलेलाच. प्लाझा हॉटेलातला प्रसंग पुन्हा वाच. भांडण डेझीवरून आहे, म्हणजे टॉमच्या बायकोवरून, जिच्यावर गॅट्सबीचं प्रेम आहे. टॉम गॅट्सबीचं कूळ काढतो आणि तिथून थेट काळ्या-गोऱ्यांच्या लग्नांवर घसरतो. डेझीची मैत्रीण जॉर्डन पुटपुटते की इथे तर सगळे गोरेच आहेत. अख्ख्या पुस्तकात मला याहून बोचरं काही सापडलं नाही. टॉमला घराणं, वंश आणि देश यांत फरकच करता येत नाही.

पुस्तक 1925 चं. त्याच्या दोनच वर्षं आधी आपल्याकडच्या एका माणसाने याच दारावर धडक दिली होती. भगतसिंग थिंड, मूळचा पंजाबचा, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता. बाहेरून आलेल्यांत तिथलं नागरिकत्व तेव्हा गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच मिळायचं. त्याचे वकील होते सखाराम गणेश पंडित. युक्तिवाद काय, तर हा उच्चवर्णीय, आर्य, म्हणून गोराच. म्हणजे आत शिरायला जातच पुढे केली! अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ते मानलं नाही, आणि आधी नागरिक झालेल्या अनेक भारतीयांचंही नागरिकत्व गेलं.

आणि याच्याही पन्नास वर्षं आधी, 1873 मध्ये, पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. अमेरिकेला न जाता त्यांना दिसलं की तिथला गुलाम आणि इथला शूद्रातिशूद्र एकाच दाव्याला बांधलेत. मला विचारशील तर निबंधात थिंड आणि फुले शेजारी-शेजारी ठेव.

काकूंना पुढच्या वेळी आडनाव बेलाशक सांग, गावही सांग. मटणाचं विचारलं तर म्हण, "चालतं, कधी बोलावताय?" बाबांना हे उत्तर आगाऊ वाटतं, त्यांच्याशी तूच भांड.

थिंडच्या निकालाची तारीख 19 फेब्रुवारी 1923. तळटीपेत घाल, तुमच्या बाई तारखा तपासतात म्हणालीस.

तुझी,
आई