सोसायटीच्या सभासदांना डेटा कायद्याची नोटीस: मराठीत की कन्नडमध्ये?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका क्रेडिट सोसायटीचे १८०० सभासद. बहुतेक मराठी, बाकी कन्नड आणि काही उर्दू बोलणारे. खाती संगणकावर, रोजचा भरणा गोळा करणाऱ्या पिग्मी एजंटांच्या हातात मोबाइल ॲप. नवा डेटा कायदा लागू होतो का आणि सभासदांची माहिती कशासाठी घेतो हे सांगणारी नोटीस कोणत्या भाषेत काढायची, असे सेक्रेटरींनी विचारले आहे.

लागू होतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सोसायटी लहान आहे म्हणून आपोआप सूट मिळत नाही. कपाटातले कागदी रजिस्टर त्याच्या बाहेर राहते, पण तीच नावे संगणकात भरली किंवा आधारच्या झेरॉक्सचा मोबाइलवर फोटो काढला की ती कायद्याच्या कक्षेत आली. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. नोटीस, संमती आणि सुरक्षेची बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. त्याआधीच्या जुन्या सभासदांनाही शक्य तितक्या लवकर नोटीस द्यावी लागेल. १८०० जणांपर्यंत पोचायचे तर वार्षिक सभेचा मोका सोडू नका.

आता भाषा. कायदा म्हणतो, नोटीस आणि संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय दिला पाहिजे. मराठी, कन्नड, कोकणी, उर्दू या बेळगाव भागातल्या चारही भाषा त्या यादीत आहेत. त्यामुळे ‘मराठीत की कन्नडमध्ये’ हे संचालक मंडळाने ठरवायचेच नाही. निवड ज्याची माहिती घेतली जाते त्याची आहे. पाटीवर ६० टक्के कन्नड हवे हा कर्नाटकचा नियम वेगळा, तो फलकांपुरता. त्याचा आणि या नोटिशीचा संबंध जोडू नका. सीमाभागात भाषेचा विषय निघाला की लोक आधी बाजू घेतात आणि मग मजकूर वाचतात. इथे मजकूर महत्त्वाचा आहे, कारण संमती नीट घेतली हे सिद्ध करण्याची जबाबदारी सोसायटीवर आहे. वाचता न येणाऱ्या कागदावर घेतलेली सही तिथे टिकणार नाही.

नोटीस कर्जाच्या अर्जात कलम १७ म्हणून घुसडू नका. ती स्वतंत्रपणे वाचून कळली पाहिजे. कोणती माहिती, कशासाठी, संमती मागे कशी घ्यायची, तक्रार कुठे करायची, एवढे त्यात हवे. नमुन्याच्या काही ओळी: ‘तुमचे नाव, पत्ता, मोबाइल नंबर आणि पॅन आम्ही तुमचे कर्जखाते चालवण्यासाठी आणि हप्त्याची आठवण देण्यासाठी घेतो. जाहिरातीच्या मेसेजसाठी नंबर वापरायचा असेल तर वेगळे विचारू. संमती मागे घ्यायची तर काउंटरवर एक ओळ लिहून द्या.’ ‘सबब माहितीचे प्रक्रियण’ असली सरकारी मराठी नको. शेतकऱ्याला एका वाचनात कळली तरच ती नोटीस.

बहुतेक सोसायट्या चुकतील ते जामीनदार आणि वारसदारांच्या बाबतीत. त्यांचे नाव, नंबर, कधी आधारही संगणकात असते, पण त्यांना कुणी काही सांगितलेले नसते. जामीनदार सहीला येतोच, तेव्हाच त्याला त्याची नोटीस द्या. वारसदाराचे नाव आणि नाते पुरत असेल तर आधार मागूच नका. खातेदार १८ वर्षांखालील असेल तर पालकांची पडताळणी केलेली संमती लागेल.

दुसरी धोक्याची जागा म्हणजे पिग्मी एजंटाचा फोन. त्यात दोन-तीनशे दुकानदारांची नावे, नंबर आणि रोजचा भरणा असतो. आठवडी बाजारात तो फोन हरवला आणि त्याला लॉक नसेल तर ती माहिती फुटल्याचीच घटना. किती जणांची, याला किमान आकडा नाही. बाधित लोकांना आणि डेटा संरक्षण मंडळाला विनाविलंब कळवायचे, मंडळाला ७२ तासांत सविस्तर अहवाल द्यायचा. सुरक्षेत कसूर झाली तर २५० कोटींपर्यंत आणि न कळवल्यास २०० कोटींपर्यंत दंड होऊ शकतो. ही कमाल मर्यादा आहे. मंडळ प्रकरणाचे गांभीर्य बघून रक्कम ठरवते. तरी ॲपला पिन, एजंट काम सोडेल त्याच दिवशी लॉगिन बंद आणि आधारचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणे बंद, हे मे २०२७ ची वाट न बघता आजच करा. जिथे चालते तिथे फक्त शेवटचे चार आकडे दिसणारे मास्क्ड आधार घ्या.

थकबाकीदारांची यादी ग्रुपवर टाकायची सवयही मोडा. वसुलीसाठी कायदेशीर हक्क बजावताना संमतीची अट सुटते, सुरक्षेची जबाबदारी सुटत नाही. ग्रुपवरच्या यादीने वसुलीचा दावा पुढे सरकत नाही, माणूस मात्र गावासमोर उघडा पडतो.

राहिला सॉफ्टवेअरवाला. तो बाहेरून तुमच्या संगणकात शिरून दुरुस्ती करतो, बॅकअप त्याच्याकडे असतो. त्याच्याकडून माहिती फुटली तरी जबाबदार सोसायटीच, म्हणून लेखी करार हवा. बॅकअप कुठे ठेवतो, लॉगची (कोणी कधी माहिती उघडली याची) नोंद किमान एक वर्ष राहते का, घोटाळा झाल्यास किती तासांत कळवणार आणि काम सोडताना सगळा डेटा परत देऊन आपल्याकडची प्रत पुसणार का, ही चार उत्तरे त्याच्या सहीने घ्या. सही द्यायला तो टाळाटाळ करत असेल तर पुढच्या नूतनीकरणाआधी दुसरा बघायला लागा.