गेंटला यायच्या आधी: फ्लास्क, थायोयुरिया आणि दारावरची बेल

तुम्ही विचारलंत, पुण्यात एमएस्सीला लेड सल्फाइडचे (शिसं आणि गंधकाचे) क्वांटम डॉट, म्हणजे काही नॅनोमीटरचे अर्धवाहक कण, केलेत, आता बेल्जियममध्ये इन्फ्रारेड डिटेक्टरवर पीएचडी करायची तर गेंट की ल्यूव्हेन, आणि मुलाखतीत काय दाखवायचं?

गावाचं आधी उरकतो. डॉट बनवण्यातच रस असेल तर गेंट विद्यापीठ, त्यांचा सेन्सर करायचा असेल तर ल्यूव्हेनचं आयमेक हे चिप-संशोधन केंद्र. दोघं मिळूनही कामं करतात, त्यामुळे एवढं अडून बसू नका.

मुलाखतीला मी ५० मिलीच्या फ्लास्कमध्ये केलेल्या डॉटचा देखणा आलेख घेऊन गेलो होतो, कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश ते किती शोषतात ते दाखवणारा. पहिलाच प्रश्न आला, "हेच दोन लिटरमध्ये जमेल?" मी बिनधास्त हो म्हणालो. पुढे करायला गेलो तेव्हा कळलं. छोट्या फ्लास्कमध्ये गरम लेड ओलिएटात (शिशाच्या द्रावणात) गंधकाचं द्रावण एका दमात सोडलं की सगळे कण एकदमच जन्मतात आणि सारखे वाढतात. दोन लिटरला सोडण्यातच कितीतरी सेकंद जातात. एका कोपऱ्यातले वाढायला लागले तरी दुसरीकडे जन्म चालूच. घरच्या पोह्यांची फोडणी लग्नाच्या कढईत तशीच्या तशी बसत नाही, त्यातलाच प्रकार. १४०० नॅनोमीटरवर हवं असलेलं टोकदार शिखर बसकं झालं, म्हणजे कण सारख्या आकाराचे राहिले नाहीत. आठवडा पाण्यात.

म्हणून थायोयुरियाचा, म्हणजे डॉटसाठी गंधक पुरवणाऱ्या संयुगाचा, अभ्यास करून या. कोलंबिया विद्यापीठात जोनाथन ओवेन यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवलं की थायोयुरियाच्या रेणूवरचे अणुगट बदलून अभिक्रियेचा वेग ठरवता येतो. वेगावर कणांची संख्या ठरते, संख्येवर आकार. हाताची चपळाई कमी लागते. शिवाय एरवी गंधकासाठी वापरतात त्या टीएमएस-सल्फाइडचा घाण वास टळतो. स्वेटरला लागला की ट्राममध्ये शेजारी कुणी बसत नाही.

मुलाखतीला एकाच कृतीचे पाच वेगवेगळ्या दिवसांचे आलेख न्या, बिघडलेलाही असू द्या. इंडियम आर्सेनाइडच्या, म्हणजे बिनशिशाच्या, डॉटबद्दलही विचारतील. इलेक्ट्रॉनिक वस्तूंतल्या घातक पदार्थांवरच्या युरोपच्या रोह्स नियमात शिशाला ०.१ टक्क्याची मर्यादा आहे, म्हणून सगळ्यांचा ओढा तिकडे. पण ते फार हट्टी आहे, आधी शिशावर हात बसू द्या.

पदवीवर अपॉस्टिल, म्हणजे परदेशात कागद चालावा म्हणूनचा सरकारी शिक्का, भारतातूनच करून आणा. इथे नगरपालिकेत पत्ता नोंदवला की वस्तीचा पोलीस घरी येऊन खात्री करतो. बेलवर आपलं नाव आधीच चिकटवा. माझं नव्हतं, तो आला तसा परत गेला.