वाचकांचे प्रश्न : ओशिएनियाचा (पॅसिफिक बेटे आणि न्यूझीलंड यांचा) फुटबॉल नेशन्स कप

प्रश्न : २०१२ चा नेशन्स कप ताहितीने जिंकला. मग २०१४ च्या विश्वचषकात ताहिती का नव्हते?

उत्तर : या विजेतेपदाने २०१३ च्या कॉन्फेडरेशन्स कपचे, म्हणजे खंडांच्या विजेत्यांच्या ब्राझीलमधल्या स्पर्धेचे दार उघडले, विश्वचषकाचे नाही. विश्वचषकासाठी ही स्पर्धा फक्त एक पायरी होती. उपांत्य फेरीतले चारही संघ पुढच्या पात्रता फेरीत गेले आणि तिथे प्रत्येकाने सहा-सहा सामने खेळले. त्यात न्यूझीलंड पहिले आले, पण दुसऱ्या खंडातल्या संघाशी झालेल्या निर्णायक लढतीत मेक्सिकोकडून दोन सामन्यांत मिळून ९-३ असे हरले. ओशिएनियातून कोणीच गेले नाही.

सॉलोमन बेटांची राजधानी होनियारा इथे मिळालेल्या ताहितीच्या त्या यशाचे मोल मात्र मोठे आहे. १ ते १० जून या दहा दिवसांत अंतिम फेरीपर्यंत पाच सामने होते. न्यू कॅलेडोनियाने उपांत्य सामन्यात न्यूझीलंडला २-० ने हरवले आणि अंतिम सामन्यात स्टीव्ही चाँग ह्यूच्या दहाव्या मिनिटाच्या गोलवर ताहिती जिंकले. १९७३ पासूनच्या अकरा स्पर्धांत न्यूझीलंडने सहा जिंकल्या, ऑस्ट्रेलियाने आशियाच्या महासंघात जाण्यापूर्वी चार. उरलेली एकमेव ही ताहितीची. पुढे ब्राझीलमधल्या कॉन्फेडरेशन्स कपमध्ये ताहितीला तीन सामन्यांत चोवीस गोल खावे लागले, तरी नायजेरियाविरुद्ध जोनाथन तेहाऊने केलेला गोल तिथल्या प्रेक्षकांनीही डोक्यावर घेतला.

कॉन्फेडरेशन्स कप आता बंद झाला आहे, त्यामुळे २०२४ च्या विजेत्या न्यूझीलंडला असा प्रवेश मिळाला नाही. २०२६ च्या विश्वचषकाची पात्रता वेगळी झाली.

प्रश्न : दमट बेटांवर पाणी पिण्यासाठी खेळ कधी थांबवायचा, हे कसे ठरते?

उत्तर : साध्या तापमापकावर विसंबू नये. हवा दमट असली की घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही, म्हणून ओल्या बल्बच्या, म्हणजे बल्बवर ओले फडके गुंडाळलेल्या तापमापकाच्या आकड्याला सर्वाधिक वजन असते. हिशेब असा : ओल्या बल्बचे तापमान गुणिले ०.७, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोलातले गुणिले ०.२, हवेचे गुणिले ०.१, आणि तिन्हींची बेरीज. फिफाच्या सूचनेप्रमाणे बेरीज ३२ अंशांवर गेली की साधारण तिसाव्या आणि पंचाहत्तराव्या मिनिटाला प्रत्येकी तीन मिनिटांची विश्रांती घ्यावी.

हवा ३२, काळा गोल ४४ आणि ओला बल्ब २८ असेल तर बेरीज ३१.६ येते. ओला बल्ब २९ झाला की तीच ३२.३ होते. म्हणजे हवा तितकीच गरम असूनही निर्णय फिरतो. बल्बवरचे फडके वाळले तर त्याचा आकडा खोटा चढतो, आणि ड्रेसिंग रूमच्या सावलीत मोजल्यास काळ्या गोलाचा आकडा कमी येतो. मोजणी मैदानावरच हवी.

प्रश्न : ताहिती आणि न्यू कॅलेडोनिया फ्रान्सच्या अखत्यारीत असताना वेगळे संघ कसे?

उत्तर : फिफाचे सदस्यत्व फुटबॉल संघटनेला मिळते. ताहितीला ते १९९० मध्ये मिळाले, न्यू कॅलेडोनियाला २००४ मध्ये. खेळाडूंचे नागरिकत्व फ्रेंचच असते, त्यामुळे त्या भूमीशी नाते दाखवावे लागते : स्वतःचा, आईवडिलांचा किंवा आजीआजोबांचा जन्म तिथला, किंवा नियमाने ठरवलेली वर्षे वास्तव्य. फ्रान्सकडून खेळण्याचा मार्गही खुला राहतो. १९९८ च्या विश्वविजेत्या फ्रेंच संघातला क्रिस्तियाँ कारांब्यू न्यू कॅलेडोनियातल्या लिफू बेटावर जन्मला होता.

प्रश्न : तुवालू हा पॅसिफिकमधला छोटा बेटदेश नेशन्स कपमध्ये का नसतो?

उत्तर : ते ओशिएनिया महासंघाचे केवळ सहयोगी सदस्य आहे, फिफाचे नाही. २००७ साली सामोआची राजधानी अपिया इथल्या दक्षिण पॅसिफिक क्रीडास्पर्धेत मात्र त्यांचा संघ उतरला होता.