'जाणूनबुजून' म्हणजे 'मुद्दाम' नव्हे

प्रश्न असा आलाय की अमेरिकेतल्या बंदूक बाळगण्याच्या खटल्यांबद्दल मराठीत लिहिताना 'फेलन'ला, म्हणजे गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला, गुन्हेगार म्हणावं का, आणि कायद्यातल्या 'नोइंगली'ला जाणूनबुजून चालेल का. पहिल्याचं पटकन सांगतो, सिद्धदोष म्हणा, आपल्या तुरुंगांत हाच शब्द चालतो, फक्त अमेरिकेच्या त्या कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त कैद होऊ शकते असाच गुन्हा धरतात, प्रत्यक्षात शिक्षा किती झाली ते बघत नाहीत.

दुसरं मात्र चालेल काय, तोच शब्द हवा! पण लोक तो सर्रास मुद्दाम या अर्थाने वापरतात त्याचा मला फार राग येतो. पोराने कप फोडला की 'जाणूनबुजून फोडलास', अहो मुद्दाम म्हणा ना, नाहीतर हेतुपुरस्सर म्हणा, तिथे हेतू पुढे चालतो. जाणूनबुजूनमध्ये हेतू नाहीच, आहे ती दुहेरी जाण. जाणणे 'ज्ञा'पासून, आणि बुजून? संस्कृत बुध्यते, प्राकृत बुज्झइ, हिंदी बूझना, म्हणजे बुद्धी आणि बोध ज्या घरातले त्याच घरातलं! घोडा बुजतो त्या बुजण्याशी याचा काही संबंध नाही. काही जाणकार ठासून सांगतात की बुजून हा नुसता जोडीला लावलेला निरर्थक शब्द आहे. साफ चूक. चहाचं चहाबिहा होतं, त्या नियमाने जाणूनचं जाणूनबिणून झालं असतं, बुजून कुठून आलं? आपलं समजणेसुद्धा याच बुध्चं, सम् लागून आलेलं.

आणि फ्लोरिडातला रेहैफ खटला नेमका यावरच फिरला. सिद्धदोष माणसाने किंवा देशात बेकायदा राहणाऱ्याने जाणूनबुजून बंदूक बाळगली तर तिथे गुन्हा होतो. विद्यार्थी व्हिसावर आलेला मुलगा, नापास झाल्यावर विद्यापीठाने काढून टाकलेला, शूटिंग रेंजवर जाऊन गोळ्या झाडल्या. हातात बंदूक आहे हे त्याला कळत होतंच, प्रश्न होता की आपला मुक्काम आता बेकायदा आहे हेही तो जाणून होता का. खालच्या कोर्टाने ज्यूरीला सांगितलं, ते सिद्ध करायची गरज नाही. 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने 7 विरुद्ध 2 मतांनी ठरवलं की गरज आहे, बंदुकीची जाण आणि स्वतःच्या स्थितीची जाण, दोन्ही हव्यात, आणि तोच नियम सिद्धदोष माणसालाही लागू. त्याचा हेतू काय होता हे इथे कुणी विचारलंच नाही, मग मराठीत 'मुद्दाम बंदूक बाळगली' लिहिलं की अख्खा निकालच उलटा कळतो. पुढे 2021 मध्ये ग्रीअर खटल्यात तेच कोर्ट म्हणालं की माणूस सिद्धदोष असला तर आपण सिद्धदोष आहोत हे त्याला सहसा ठाऊक असतंच. तिथेही मुद्दा जाणून असण्याचाच होता.