आधी भिंतीवर पाहा, मग पडदा घ्या

प्रोजेक्टर घरी आला, आता पडदा कोणता आणि तो टांगायचा कसा, अशी पत्रं या महिन्यात बरीच आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. मापं इंचांत दिली आहेत, कारण पडद्याच्या दुकानात आणि सुताराकडे तीच चालतात.

प्रश्न : आमचा हॉल १० बाय १४ फुटांचा आहे. ऑनलाइन घेतलेल्या एलईडी प्रोजेक्टरच्या खोक्यावर '९००० ल्युमेन' असं लिहिलंय. पडदा १२० इंची घ्यावा की १५० इंची? (डोंबिवली)

दोन्ही नको. खोक्यावरचा मोठा आकडा विसरा आणि माहितीपत्रकात बारीक अक्षरात 'एएनएसआय ल्युमेन' (ठरलेल्या पद्धतीने मोजलेला उजेड) कुठे दिलंय ते शोधा. या वर्गातल्या यंत्रांचा तो आकडा बहुधा १५० ते ३०० च्या आसपास असतो. तो दिलेलाच नसेल तर २०० धरून चाला.

आता सोपा भागाकार. एएनएसआय ल्युमेनला चित्राच्या चौरस फुटांनी भागा. साध्या मॅट पांढऱ्या पडद्यावर येणारं उत्तर म्हणजे फूट-लॅम्बर्टमधला उजेड. सिनेमागृहातल्या डिजिटल प्रक्षेपणाचं प्रमाण १४ आहे. अंधाऱ्या खोलीत ८-९ पर्यंत चालवून घेता येतं, त्याखाली चित्र मरगळतं. पडद्याचे इंच कर्णावर मोजतात. रुंदी-उंची १६:९ असलेल्या १५० इंची चित्राचं क्षेत्रफळ सुमारे ६७ चौरस फूट, १२० इंचीचं ४३, १०० इंचीचं ३०, तर ८० इंचीचं १९. तुमच्या माहितीपत्रकात २५० निघाले असं धरलं तर १२० इंचांवर ६ सुद्धा भरत नाहीत, ८० इंचांवर मात्र १३ मिळतात. तेव्हा ८० इंच घ्या. त्या चित्राची रुंदी ७० इंच होते, आणि रुंदीच्या दीडपट, म्हणजे पावणेनऊ फुटांवर सोफा ठेवला की तुमच्या हॉलला ते नेमकं बसतं.

पडदा मागवण्याआधी तीन-चार रात्री भिंतीवरच पाहा. या यंत्रांना खरा झूम नसतो. 'डिजिटल झूम' म्हणजे तेच चित्र कमी ठिपक्यांत कोंबणं. त्यामुळे चित्र लहान-मोठं करायचं तर यंत्रच पुढे-मागे सरकवावं लागतं. माहितीपत्रकातल्या 'थ्रो रेशो'ने चित्राच्या रुंदीला गुणा : १.४ असेल तर ७० इंच रुंदीसाठी यंत्र ९८ इंचांवर, म्हणजे आठ फूट दोन इंचांवर हवं. नेमक्या तिथेच पंखा किंवा झुंबर येत असेल तर ते आत्ताच कळलेलं बरं. जागा ठरली की चित्राच्या चारही कोपऱ्यांवर मास्किंग टेप लावा. तेच पडद्याचं माप.

प्रश्न : पडदा हवाच का? आमची भिंत पांढरीच आहे. (नाशिक)

नीट तयार केलेली भिंत स्वस्तातल्या टांगत्या पडद्यापेक्षा सरस ठरते, कारण तिला लाटा येत नाहीत. पण आपल्याकडची भिंत दिसते तितकी सपाट नसते. रात्री दिवे बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा उजेड टाका, गिलाव्याचे सगळे उंचवटे उघडे पडतील.

चित्राच्या मापापेक्षा चारही बाजूंनी सहा इंच जास्त जागा घ्या. तिथले पोपडे खरवडून लांबीचे (पुट्टीचे) दोन हात द्या. वाळल्यावर १८० नंबरच्या आणि मग ३२० च्या पॉलिश पेपरने घासा. टॉर्च पुन्हा लावून पाहा, मग प्रायमर आणि त्यावर मॅट पांढऱ्या इमल्शनचे दोन हात. रोलर बारीक लवेचा घ्या, जाड रोलर संत्र्याच्या सालीसारखा पोत सोडतो. दुकानदार 'धुता येतो' म्हणून चकचकीत रंग गळ्यात मारेल, तो घेऊ नका. चकाकी असली की चित्राच्या मध्यभागी उजेडाचा डाग पडतो. आयव्हरीसुद्धा नको, सगळ्यांचे चेहरे पिवळे दिसतील.

शेवटी चित्राभोवती दोन इंच रुंदीची काळी मॅट चौकट रंगवा. बाहेर सांडलेला उजेड ती गिळते आणि चित्राची कड धारदार होते. ओल येणाऱ्या भिंतीवर मात्र हा खर्च वाया जातो.

प्रश्न : सुताराकडून चौकट करून घ्यायची आहे. कापड कुठलं, लाकूड किती, ते सविस्तर सांगावं. (सांगली)

कमी पैशात सगळ्यात सपाट पडदा हाच, म्हणून हे उत्तर जरा लांबेल. प्रोजेक्टर साधारण ३०० एएनएसआय ल्युमेन किंवा त्याहून जास्त असेल, तर माप ९२ इंचांचं धरा. त्यामागचं कारण कापडाचा पन्हा. ब्लॅकआउट पडद्यांचं कापड ५४ इंच पन्ह्यात सहज मिळतं. १०० इंची चित्राची उंचीच ४९ इंच. त्यात दोन्हीकडची दोन-दोन इंचांची चौकट धरली की ५३ होतात, मग मागे दुमडायला कापड उरतच नाही. ९२ इंचीला चित्र ८० बाय ४५, चौकट बाहेरून ८४ बाय ४९, आणि वर-खाली अडीच-अडीच इंच कापड हातात राहतं. जोड द्यायचा विचारही करू नका, तो दिसतोच.

लाकडाची पट्टी २ इंच रुंद, १ इंच जाड, गाठी नसलेली आणि पूर्ण वाळलेली. ओलं लाकूड पुढे पिळतं आणि चौकटीचा एक कोपरा भिंतीपासून सुटतो. ७ फुटी दोन आणि १२ फुटी एक पट्टी पुरते. १२ फुटीतून ४५ इंचांचे तीन तुकडे काढा : दोन टोकांना, एक मध्ये. रंधा मारल्यावर पट्टी पावणेदोन इंचच उरते, हे सुताराला आधी विचारा. तसं असेल तर उभे तुकडे ४५ चेच ठेवा आणि आडव्या पट्ट्या ८० अधिक पट्टीच्या रुंदीची दुप्पट अशा कापा. मधल्या तुकड्याची पुढची बाजू पाव इंच तासून घ्या. तो कापडाला टेकला तर चित्राच्या मधोमध उभी रेघ दिसते. बाजारात करून घेतलेल्या बऱ्याच चौकटी इथेच फसतात.

सांध्यांना सरस आणि मागून तीन इंची एल पट्ट्या, स्क्रू पाऊण इंची. स्क्रू आवळण्याआधी गुण्या लावा, पण त्यावर विसंबू नका. दोन्ही कर्ण मोजा, ८४ बाय ४९ च्या चौकटीचे दोन्ही कर्ण ९७ पूर्णांक एक चतुर्थांश इंच भरायला हवेत. फरक पाव इंचाहून जास्त असेल तर लांब कर्णाचे कोपरे एकमेकांकडे दाबून मग स्क्रू आवळा.

कापड अडीच मीटर घ्या. शुभ्र, नक्षी नसलेलं आणि सहा फुटांवरून वीण दिसणार नाही असं हवं. दुकानातल्या ट्यूबलाइटसमोर धरून पाहा, उजेड आरपार आला तर ते ब्लॅकआउट नव्हे. घडी घालू देऊ नका, पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून आणा. घडीची रेघ सहजासहजी जात नाही आणि इस्त्री लावली तर मागचा थर वितळून चिकटतो. कापडाची कुठली बाजू पुढे, हे तुकड्यावर प्रोजेक्टर टाकून ठरवा, जी कमी चकाकेल ती.

ताणायला जमिनीवर स्वच्छ चादर, तिच्यावर कापड पालथं, त्यावर चौकट. स्टेपलगनची पहिली पिन वरच्या लांब पट्टीच्या मध्यावर मारा, दुसरी समोरच्या पट्टीच्या मध्यावर कापड ओढून, मग डाव्या-उजव्या बाजूंच्या मध्यावर. तिथून बाहेर सरकत जा. दर दोन इंचांवर एक पिन, प्रत्येक वेळी समोरासमोरची जोडी. कोपरे शेवटी. एक अख्खी बाजू आधी ठोकून टाकली तर कोपऱ्यांकडे तिरप्या सुरकुत्या पडतात, आणि मग सगळ्या पिना उपटण्यावाचून उपाय नसतो.

चौकटीच्या पुढून चारही कडांवर दोन इंची काळी मखमल दुहेरी टेपने लावा. काळा सेलोटेप चमकतो, तो नको.

टांगायला मागे दोन हुक, प्रत्येक टोकापासून २१ इंचांवर. खालची कड जमिनीपासून किती वर घ्यायची, ते बसण्यावर ठरतं : बसलेल्याची नजर चित्राच्या खालच्या तिसऱ्या भागात यावी. सोफ्यावर नजर साधारण ४० इंचांवर असते, म्हणजे चित्राची खालची कड २५ इंचांवर. घरात भारतीय बैठक असेल तर नजर ३० इंचांवर, तेव्हा पडदा आणखी दहा इंच खाली.

प्रश्न : 'हाय गेन' आणि करड्या पडद्यांची जाहिरात पाहिली. पैसे जास्त टाकावेत का? (ठाणे)

नाही. जास्त गेनचा पडदा उजेड निर्माण करत नाही, बाजूला जाणारा उजेड समोर वळवतो. मध्ये बसलेल्याला लखलखीत, कडेला बसलेल्या आजीला अंधुक. करडा पडदा काळा रंग गडद करतो, पण पांढराही खाली आणतो. जोरकस यंत्राला तो ठीक, २५० ल्युमेनच्या यंत्राला नाही. चित्रातला काळा रंग न पेटलेल्या पडद्याइतकाच काळा असतो, म्हणून तेच पैसे खिडकीच्या जाड पडद्यांवर घाला. अल्ट्रा शॉर्ट थ्रोसाठीचे (भिंतीलगत ठेवून खालून चित्र टाकणाऱ्या यंत्रांचे) पडदे तर साध्या प्रोजेक्टरसाठी चुकूनही घेऊ नका. वरून येणारा उजेड परतवून लावायलाच ते बनवलेले असतात, मग छताला टांगलेल्या प्रोजेक्टरचाही उजेड ते परतवतात.

प्रश्न : ओढून खाली घ्यायचा पडदा आणला आहे. छताला फॉल्स सीलिंग आणि भिंती सिपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या). कुठे ठोकावा? (पुणे)

फॉल्स सीलिंगच्या बोर्डाला कधीच नाही. पडद्याचं वजन सात-आठ किलो असलं तरी रोज खाली ओढताना बसणारे हिसके बोर्ड सोसत नाही. खोलीत काँक्रीटची तुळई असेल तर तिच्या उभ्या बाजूला ८ मिमीच्या गिट्ट्या आणि ५० मिमीचे स्क्रू, हे सर्वांत पक्कं. ड्रिल सळईला अडलं तर जोर लावू नका, इंचभर सरकून दुसरं भोक घ्या. तुळई नसेल तर वरच्या स्लॅबमध्ये अँकर फास्टनर बसवून थ्रेडेड रॉड बोर्डातून खाली आणा. मात्र इमारत पोस्ट-टेन्शन स्लॅबची नाही ना, हे सोसायटीकडून आधी विचारून घ्या. तिथे ताणलेल्या केबल असतात, त्यांना ड्रिल लागणं धोक्याचं आहे.

सिपोरेक्समध्ये साधी गिट्टी फिरत राहते. ड्रिलचा हॅमर बंद ठेवा, बिट एक मिमी लहान वापरा आणि गिट्टी ८०-१०० मिमी लांबीची घ्या. त्याहून बरं म्हणजे १८ मिमी प्लायची चार इंची फळी पाच-सहा स्क्रूंनी भिंतीला जखडायची आणि पडदा फळीला लावायचा, भार वाटला जातो. भिंत कशाची याची शंका असेल तर ड्रिलची पूड पाहा : तांबडी आली तर वीट, पांढुरकी भुसभुशीत आली तर सिपोरेक्स.

दोन्ही ब्रॅकेट एका पातळीत हवेत. सहा-सात फुटांच्या अंतरावर छोटी पाणसळ फसवते, गवंड्याची पाण्याची नळी वापरा. पडदा तिरका बसला तर कापड गुंडाळताना एका बाजूला सरकतं, पेटीला घासतं आणि कड मुडपते.

यंत्राची उंचीही आत्ताच बघा. बऱ्याच यंत्रांची रचना अशी असते की टेबलावर ठेवलं तर भिंग चित्राच्या खालच्या कडेच्या पातळीत, छताला उलटं टांगलं तर वरच्या कडेच्या पातळीत यावं. ही पातळी चुकली की चित्र सुपासारखं होतं आणि 'कीस्टोन' (वाकडं चित्र चौकोनी करणारी सोय) वापरावा लागतो. त्यात ठिपके वाया जाऊन अक्षरं बोथट होतात.

प्रश्न : वर्षभरात पडद्याला उभ्या लाटा आल्या, आता बुरशीचे ठिपकेही. (रत्नागिरी)

लाटा येतात कारण पीव्हीसीचं कापड गुंडाळलेल्या स्थितीत सवयीने वळतं आणि कडा आत कलतात. पडदा पूर्ण खाली घेऊन दोन-तीन दिवस तसाच लोंबू द्या, खालच्या दांड्यात लोखंडी सळई सरकवून वजन वाढवा. तेवढ्याने बरंच उतरतं, पूर्ण नाही. म्हणूनच ८० इंचांच्या वर ताणलेली चौकट बरी.

बुरशी वरवरची असेल तर कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ कापड, हात हलका. स्पिरिट लावू नका, पांढरा थर निघतो. कापडात मुरलेला डाग जात नाही. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा पडदा उघडून तासभर पंख्याखाली ठेवा आणि दमट हवेत गुंडाळलेला ठेवू नका.

प्रश्न : सोसायटीच्या गच्चीवर सामना दाखवायचा आहे. १२ फुटी पांढरी चादर पुरेल का? (म्हापसा)

चादरीतून अर्धा उजेड मागे जातो. निदान मागे काळं कापड लावा, नाहीतर ब्लॅकआउट कापडच शिवून घ्या. १२ फूट रुंदीला उंची पावणेसात फूट, म्हणजे ८१ चौरस फूट. त्याला किमान हजार एएनएसआय ल्युमेनचं यंत्र भाड्याने आणा, आणि पूर्ण अंधार पडल्याशिवाय सुरू करू नका.

खरा शत्रू वारा. ताशी ३० किलोमीटरच्या वाऱ्यात एवढं कापड ३५-४० किलोचा जोर धरतं, शिडासारखं. कडेला दर फुटावर आयलेट मारा, पण दोरी थेट बांधू नका. मध्ये सायकलच्या ट्यूबची वळी घाला, म्हणजे झोत आला की कापड ताणून परत येईल आणि आयलेट फाटणार नाहीत. बांबू पाण्याच्या टाकीच्या पाइपला बांधू नका, गच्चीच्या कठड्याला दोन ठिकाणी बांधा. झोत वाढले तर खालच्या दोऱ्या आधी सोडा, वरच्या नंतर.