एआरटीच्या (एचआयव्हीवरच्या उपचाराच्या) गोळ्या नियमित घेतल्या जातात का, हे गोळ्या मोजून नेमकं कसं काढतात?

घेतलेल्या गोळ्या भागिले त्या काळात घ्यायच्या गोळ्या, गुणिले 100. टीएलडी (तीन औषधं एकत्र असलेली गोळी) रोज एकच असते, म्हणून हिशोब सोपा. समजा घरी आधीच्या 3 गोळ्या होत्या, नवी 30 ची बाटली मिळाली, आणि 28 दिवसांनी परत येताना 7 उरल्या. 33 वजा 7, म्हणजे 26 घेतल्या. घ्यायच्या होत्या 28. उत्तर साधारण 93 टक्के. 95 च्या वर असायला हवं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो जुन्या शिल्लक गोळ्या न धरल्यामुळे. वरच्याच उदाहरणात त्या 3 विसरलात तर आकडा 82 वर येतो आणि माणसाला विनाकारण बोलणी बसतात. म्हणून बाटली, त्यातल्या उरलेल्या गोळ्यांसकट, दर वेळी सोबत आणायला सांगा. 100 च्या वर आकडा आला तर गोळ्या हरवल्या, कुणाला दिल्या की भेटीआधी काढून टाकल्या, ते शांतपणे विचारा. रागावलात तर पुढच्या वेळी बाटली रिकामीच येईल!

गोळी बाटलीतून गेली म्हणजे पोटात गेली असं नाही. त्यामुळे "गेल्या चार दिवसांत किती चुकल्या, किती वाजता घेता?" हेही विचारायचं, आणि व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) बघायचा: उपचार सुरू झाल्यावर 6 आणि 12 महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. तो दर मिलिलिटरला 1000 प्रती किंवा त्याहून जास्त आला, तर आधी समुपदेशन वाढवून तपासणी पुन्हा करतात. लगेच औषध बदलत नाहीत.